चष्म्याच्या वरून

मंगळवार, २ सप्टेंबर

कानाच्या डॉक्टरबाईंनी सांगितलंय, रोज लिहून ठेवा. खारूने काय ऐकलं, काय निसटलं, कोण बोलत होतं, किती लांबून. त्यांना वाटलं असेल हा गडी दोन दिवसांत कंटाळेल. मी लिफ्टचा मेकॅनिक आहे. मशीनरूममधल्या नोंदवहीत दोर कुठे घासला, ब्रेक कधी कुरकुरला हे लिहिण्यात माझी हयात चाललीय. पोटच्या पोरीबद्दल चार ओळी लिहायला मला काय धाड भरलीय?

तर पहिली नोंद. संध्याकाळी मी सोफ्यावरून म्हणालो, "खारू, तो रिमोट दे." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग स्वयंपाकघरातून पाण्याचा ग्लास घेऊन आली. मशीन दोन्ही कानांत होती. सेल रविवारीच बदललेत, मी स्वतः. म्हणजे दोष मशीनचा नाही.

खारू आठ वर्षांची आहे. जन्मापासून ऐकायला कमी येतं. तान्ही असताना घास गालात धरून बसायची म्हणून हे नाव पडलं, ते अजून सुटलेलं नाही. वर्षभरापूर्वीपर्यंत वर्गात बरोबरीने चालत होती. आता शाळेतून चिठ्ठ्या येतात. मागे पडतेय, सांगितलेलं कळत नाही, मधल्या सुट्टीत एकटी बसते.

तीन तासांवर ऐकू न येणाऱ्या मुलांची निवासी शाळा आहे. गेल्या महिन्यात मी एकटाच बघून आलो आणि भारावून गेलो. मुलं हातांनी बोलतात, इतक्या वेगाने की माझे डोळे दमले. त्यांनी एक जागा धरून ठेवलीय, तीस तारखेपर्यंत कळवायचं. तेव्हा मी खारूच्या आईच्या मागे लागलो होतो की पाठवू या. आता ती तयार झाली आहे आणि माझा पाय मागे ओढतोय. ही म्हणते, लिफ्टवाल्याचं मन, एका मजल्यावर थांबेल तर शपथ.

गुरुवार, ४ सप्टेंबर

अर्धा दिवस रजा टाकून कानाच्या बाईंकडे गेलो. त्यांनी खारूला काचेच्या खोलीत बसवून सगळी तपासणी केली आणि म्हणाल्या, "कान गेल्या वर्षी होते तिथेच आहेत. काहीही कमी झालेलं नाही."

मग त्यांनी एक गंमत केली. समोर बसून तोंडापुढे कागद धरला आणि शब्द बोलल्या. खारूला निम्मे कळले. कागद काढला, सगळे कळले. मग बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तेच शब्द तेवढ्याच आवाजात, तोंड उघडं ठेवून बोलल्या. खारू पुन्हा निम्म्यावर आली.

"ही अर्धं कानांनी ऐकते आणि अर्धं तुमच्या ओठांवरून," बाई म्हणाल्या. "ओठ दिसेनासे झालेत तिला. भिंतीवरचं कॅलेंडर वाच गं, बेटा."

खारूने डोळे बारीक केले आणि विचारलं, "कुठलं कॅलेंडर?"

दर रविवारी तिचे कान उघडून बघणारा मी, डोळ्यांकडे माझं लक्षच गेलं नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मायनस अडीच नंबर काढला. तिथून थेट चष्म्याच्या दुकानात, तिघंही.

चष्मेवाला तरुण आहे, स्वतःचा चष्मा डोक्यावर सरकवून बोलतो. खारूच्या कानामागे मशीन बघून त्याने तो डोक्यावरून खाली घेतला आणि वाकून नीट पाहिलं. म्हणाला, "इथे आधीच एक भाडेकरू आहे. काडी जाड घेतली तर दोघांची मारामारी होईल." खारूला हे समोरून दिसलं आणि ती हसली. मला माणूस आवडला.

माझं म्हणणं सरळ होतं: मजबूत पाहिजे. मी एकेक फ्रेम वाकवून बघत होतो तेव्हा ही माझ्या हातावर चापट मारून म्हणाली, "अरे, दोर नाहीये तो लिफ्टचा." हिला नाजूक, सोनेरी काही तरी हवं होतं, पोरीच्या चेहऱ्याला शोभेल असं. खारू आरशासमोर बसून प्रत्येक फ्रेम घालायची आणि आरशात स्वतःकडे न बघता आमच्याकडे बघायची. नुसत्या फ्रेमा, त्यांत नंबर कुठला. तिला आम्ही दोघं धूसरच दिसत असणार.

शेवटी माझीच चलती झाली. मोठ्या चौकोनी काचा, जांभळी, रबरासारखी वाकणारी, काड्या बारीक, मागून पट्टा. चष्मेवालाही म्हणाला, "मुलांना काच मोठीच बरी. छोटी घेतली की वरून बघतात, मग चष्मा असून नसल्यासारखा." मी हिच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. हिने नाक मुरडलं.

शनिवार, १३ सप्टेंबर

चष्मा आला. आजची नोंद जरा लांबेल.

दुकानातून बाहेर पडली आणि पायरीवरच थांबली. झाडाला पानं वेगवेगळी आहेत, म्हणाली. आईचा हात धरून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि तिच्या हनुवटीवरच्या तिळाला बोट लावून म्हणाली, "हा नवीन आहे?" ही बेकरीत पहाटेपासून उभी असते, दुपारी घरी येते ती दमून, पण आज संध्याकाळपर्यंत गुणगुणत होती.

खरी मजा घरी झाली. आमच्या खिडकीसमोर रस्ता, पलीकडे बसस्टॉप. खारू खिडकीत बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, ती हिरव्या पिशवीवाली म्हणतेय, चप्पल चावते."

मी पाहिलं. रस्ता ओलांडून, गाड्यांच्या पलीकडे, एक बाई दुसरीशी बोलत होती आणि खरंच एक पाय चपलेतून काढून उभी होती.

मग आमचा खेळच सुरू झाला. म्हातारा म्हणतो बस गेली वाटतं. मुलगा फोनवर म्हणतो, निघालोय, निघालोय. खारू म्हणाली, "तो कुठे निघालाय? उभाच आहे." निम्मं ती स्वतः जुळवत असेल, अनोळखी माणसांचं तेवढं कळत नाही, हे मी जाणतो. पण निम्मं का होईना! मी खाली उतरून स्टॉपवर जाऊन उभा राहिलो आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "रात्री ऑम्लेट करू?" वरून तिने दोन्ही हात हलवले आणि ओरडली, "चीज घालून!" स्टॉपवरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली.

ओळखीच्या तोंडाचं तिला अक्षर न् अक्षर कळतं. सोमवारी कंपनीत सगळ्यांना सांगणार आहे.

रविवार, १४ सप्टेंबर

संध्याकाळी आंघोळ झाली की खारू मशीन काढून डबीत ठेवते, कान घामेजलेले असतात. तिथून झोपेपर्यंत तिच्या बाजूने सगळं शांत. इतर घरांत आईबाप मूल झोपायची वाट बघतात, आम्हाला त्याची गरज नाही. डबीचं झाकण लागलं की मोठ्यांचं बोलणं सुरू, असा आमच्याकडे शिरस्ताच पडून गेलाय. ती समोर हॉलमध्ये जिगसॉ लावत बसते आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून काय हवं ते बोलतो. माझी खुर्ची खिडकीकडे तोंड करून, हॉलला पाठ. हिची हॉलकडे तोंड करून, खारूवर नजर राहावी म्हणून. लांबून हाक मारून तिला थांबवता येत नाही ना.

आज विषय अर्थातच शाळेचा.

मी म्हणालो, "कान ठीक आहेत, डोळ्यांना चष्मा लागला. मग आता पाठवायचं कशाला?"

"चष्म्याने मैत्रिणी मिळतात का?" ही म्हणाली. "तिथे तिच्यासारख्या पोरी असतील. पाठवू या."

"तुझ्याशिवाय राहील ती?"

"राहील. सवय होईल. मलाही होईल."

हे ती अगदी सपाट आवाजात म्हणाली. मला राग आला. मग एकदम हिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि म्हणाली, "बघ, काढलाच शेवटी चष्मा."

मी वळलो. चष्मा घडी घालून जिगसॉच्या खोक्यावर ठेवलेला, आणि पोरगी नाक तुकड्यांना लावून बसलेली. जवळचं बघायला तसा लागत नाही तिला. पण दुसऱ्याच दिवशी काढायचा म्हणजे कुठे तरी टोचत असणार. नाकावर लाल खूणही दिसते.

बुधवार, १७ सप्टेंबर

नोंद: सकाळी चष्मा घालते, शाळेत घालते, शाळेतून येऊन खिडकीत बसून बसस्टॉप ऐकते (ऐकते म्हणावं की बघते?). संध्याकाळी मशीन काढल्यावर थोडा वेळ घालते, मग काढते.

मी दुकानात जाऊन नाकावरचे पॅड बदलून आणले. पट्टा सैल केला. काडीचा वाक घरीच गरम पाण्यात धरून सरळ केला. चष्मेवाल्याने बघितलं असतं तर मला उभा जाळला असता. तरी तेच. पॅडचा प्रश्न नाही, मग वजनाचा असेल. कुठलीही वस्तू एकाच वेळेला बिघडते तेव्हा त्या वेळेला काय वेगळं घडतं ते शोधायचं, हे मी नव्या पोरांना शिकवतो. इथे वेगळं काय घडतं? आंघोळ. कदाचित ओल्या केसांमुळे घसरत असेल.

एक चांगली गोष्ट. खारू हल्ली माझ्या फार जवळ आलीय. जेवताना माझ्याकडे सरकून बसते. काल मी कामावरून आलो तर बूट काढायच्या आधी पाठीला चिकटली. आमचं गूळपीठ बघून ही म्हणाली, "माझ्याकडून वेणीसुद्धा घालून घेत नाही आता. मी काय घोडं मारलंय तिचं?" मी म्हणालो, बापाच्या पसंतीचा चष्मा आहे, बाप स्पष्ट दिसला असेल. ही हसली नाही. मला आतून छान वाटत होतं, ते मी लपवलं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आज बोलणं वाढलं. मी काय म्हणालो तेही लिहितो, नोंद म्हणजे नोंद.

दिवस वाईट गेला होता. एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत एक आजी होत्या. त्या बाहेर आल्या आणि माझ्यावरच बरसल्या. घरी आलो तर शाळेची चिठ्ठी, मशीनचा कानातला साचा सैल झालाय, तो नवा करायचा. ही म्हणाली, तीस तारीख जवळ येतेय, काय ते एकदा बोल.

मी म्हणालो, "खरं सांगू? कधी कधी वाटतं जाऊ दे तिला. सेल, साचे, चिठ्ठ्या, तपासण्या. कंटाळलोय मी. दोनेक वर्षं आपल्याला श्वास तरी घेता येईल."

मला वाटलं ही रागावेल. ती टेबलावरचे पावाचे कण बोटाने एका जागी गोळा करत म्हणाली, "बरं. मग ठरलं. पाठवायचं."

"मी नुसतं वाटतं म्हणालो."

"नाही, ठरलं," ही म्हणाली. आणि उठून बेसिनकडे तोंड करून भांडी घासायला लागली. बराच वेळ घासत होती. भांडी केव्हाच स्वच्छ झाली होती आणि तिचे खांदे हलत होते. मी उठून गेलो नाही.

हॉलमध्ये खारूने चष्मा काढून ठेवला होता. मी तिच्याजवळ जाऊन बसलो तर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. इतकी मोठी झाल्यावर असं करत नाही ती.

रविवार, २१ सप्टेंबर

खारूने जाहीर केलं की तिला हा चष्मा नको, दुसरा हवा. का, तर म्हणे मोठा आहे. ही म्हणाली, बघ, मी आधीच सांगितलं होतं. ही फुगून घरीच थांबली आणि आम्ही दोघं दुकानात गेलो.

मी चष्मेवाल्याला सगळा इतिहास सांगितला. त्याने जांभळी फ्रेम तिच्या नाकावर ठेवून चारी बाजूंनी पाहिली. "अगदी मापात आहे हो. खूणही गेलीय नाकावरची. टोचतंय का गं कुठे?"

"नाही."

"जड वाटतो?"

"नाही."

"मग?"

खारू स्वतःच कप्प्यांसमोर फिरत राहिली. या वेळी आरशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकेक फ्रेम घालायची, मान किंचित खाली करायची आणि वरच्या कडेवरून माझ्याकडे बघायची. मग काढून ठेवायची. असं बऱ्याच फ्रेमांचं केलं. शेवटी तिने एक अगदी छोटी, आडवी, तपकिरी फ्रेम उचलली, म्हाताऱ्या माणसांची असते तशी. नाकाच्या टोकावर बसवून माझ्याकडे वरून पाहिलं आणि म्हणाली, "हा."

"अगं, ही तर वाचायच्या चष्म्याची फ्रेम," चष्मेवाला म्हणाला. "यातून खालचं दिसेल, वरचं सगळं मोकळं."

"हाच पाहिजे."

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो, माझं तोंड तिला नीट दिसेल असा. "का गं, राणी? मोठ्यात काय वाईट आहे?"

ती म्हणाली, "मोठ्यात सगळंच दिसतं."

चष्मेवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मुलांच्या हट्टापुढे काय चालतं? त्याने निदान त्यातल्या त्यात उंच काचेची बघा म्हणून तीन फ्रेमा पुढे केल्या, तिने तिन्ही परत केल्या. शेवटी म्हणालो, घे बाई. चष्मा मुळीच न घालण्यापेक्षा अर्धा घातलेला बरा. काचा जुन्याच, तिथल्या तिथे घासून बसवून मिळाल्या.

घरी आल्यावर ही म्हणाली, "हा कसला चष्मा? मुख्याध्यापिका दिसतेय." खारूने तिच्याकडे वरच्या कडेवरून पाहिलं आणि आत निघून गेली.

बुधवार, २४ सप्टेंबर

शाळेतून बोलावणं आलं म्हणजे तक्रारच, असं धरून गेलो होतो. पण वर्गशिक्षिका हसत होत्या. म्हणाल्या, दोन आठवड्यांत पोरगी बदलली. सगळं कळतं, हात वर करते, काल तर मागच्या बाकावरच्या दोघींची कुजबुज भर वर्गात वाचून दाखवली, आता त्याच दोघी मधल्या सुट्टीत तिच्याभोवती असतात. छोट्या फ्रेमबद्दल विचारलं. "शाळेत तर बोटाने सारखा वर ढकलून नीट बघते. घरी खाली घसरतो का?"

घरी घसरतो. संध्याकाळी हमखास. आणि नवा चष्मा आल्यापासून ती तो काढत नाही, नुसती मान खाली करून वरून बघत बसते. म्हणजे माझं निदान चुकलं नव्हतं, मोठ्या फ्रेमचंच ओझं होत होतं.

शाळेची बातमी हिला सांगितली. ही म्हणाली, "मग काय करायचं? तू म्हणालास तुला श्वास घ्यायचाय." मी म्हणालो, ते डोक्यातून काढून टाक. ती म्हणाली, "तू काढलंस का?" तीस तारीख तशीच लोंबकळतेय.

शनिवार, २७ सप्टेंबर

सकाळी सेल बदलत होतो, उद्याऐवजी आजच, उद्या मला कामावर जायचंय. हे माझं आणि खारूचं काम. सेलवरचा स्टिकर काढायचा, त्याला हवा लागेपर्यंत थांबायचं, मग आत बसवायचा. त्या थांबण्याच्या वेळात ती माझ्या तळहातावरच्या सेलकडे बघत असते.

आज तिने विचारलं, "बाबा, तिथे सेल कोण बदलणार?"

"कुठे?"

"तीन तास लांब. आई म्हणाली ना, ठरलं, पाठवायचं."

तिच्या कानात मशीन कसंबसं बसवलं आणि थेट बेकरीत गेलो. शेजारच्या काकूंना सांगून गेलो, एवढंच भान होतं. ही मागच्या खोलीत कोपरापर्यंत पिठात होती. मी म्हणालो, "मला न विचारता पोरीला सांगून टाकलंस?"

ती म्हणाली, "मी एक अक्षर बोललेली नाही. तूच बोलला असशील, दिवसभर तुझ्या तर गळ्यात असते." तिथल्या दोघी मुली ट्रे घेऊन लगबगीने बाहेर गेल्या. आम्ही एकमेकांना खोटं पाडत उभे राहिलो.

संध्याकाळी तेच पुन्हा टेबलाशी. मशीन डबीत, खारू हॉलमध्ये. मी म्हणत होतो, तुझ्याशिवाय कोण सांगणार, आणि ही म्हणत होती, "मी तिला कशाला सांगेन, मला तर ती" आणि तिथेच थांबली. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत तिने हळूच हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावर ठेवला.

"ती बघतेय," ही हाताआडून म्हणाली.

"बघू दे. मशीन डबीत आहेत."

"मशीन डबीत आहेत. चष्मा नाकावर आहे."

मी वळलो. खारू जिगसॉ सोडून आमच्याकडे बघत होती. मी वळताच तिने मान खाली केली आणि कडेवरून बघायला लागली.

बसस्टॉपवरची हिरवी पिशवी, चप्पल, ऑम्लेट. ती फुशारकी मी कंपनीत मजल्यामजल्यावर मारली होती. रस्त्यापलीकडच्या परक्या बाईचं बोलणं माझ्या पोरीला कळतं, आणि सहा पावलांवर बसलेल्या आईचं कळणार नाही, असं मला का वाटलं? यंत्र बंद म्हणजे सगळं बंद, इतकंच मला ठाऊक.

ही उठून खारूकडे गेली आणि तिला जवळ घ्यायला लागली. खारू तिच्या हाताखालून सटकली आणि माझ्यामागे येऊन उभी राहिली.

रविवार, २८ सप्टेंबर

कामात लक्ष नव्हतं. दिवसभर एकच हिशेब मांडत होतो, तिला काय दिसलं असेल.

तिला आईचं तोंड दिसलं. पाठवू या. राहील. सवय होईल, मलाही होईल. ठरलं. माझी फक्त पाठ दिसली. कंटाळलोय, श्वास घेऊ, हे त्या पाठीच्या पलीकडे बोललेलं. आणि ही रडली ती बेसिनकडे तोंड करून. म्हणजे पोरीच्या हिशेबी आई तिला घालवायला निघाली आहे आणि बाप बिचारा गप्प बसून सोसतो आहे. वेणी, जेवताना सरकून बसणं, मांडीवरचं डोकं, सगळं यातूनच आलेलं. मी त्याला गूळपीठ म्हणत होतो.

ही मला काहीच म्हणाली नाही. तूही बोललास ते तिला सांग, असं म्हणायचा तिला पूर्ण हक्क होता. सकाळी फक्त म्हणाली, "तुझ्यावर तरी विश्वास आहे तिचा. तूच समजाव." मी हो म्हणालो. पाठवायचं रद्द झालं, आई नुसती बोलली होती, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. मी बसमध्ये तेच वाक्य घोळवत होतो. छान वाक्य होतं, आणि त्यात मी कुठेच नव्हतो.

संध्याकाळी मी माझी खुर्ची उचलून हिच्या शेजारी ठेवली, हॉलकडे तोंड करून. ही म्हणाली, "हे काय?" मी म्हणालो, बस. खारूला हाताने बोलावून समोर बसवलं. मशीन लावतेस का विचारलं, तिने नाही म्हणून मान हलवली.

चष्मा नाकाच्या टोकावर होता आणि ती वरून बघत होती. तिला आम्ही दोन धूसर ठिपके दिसत असू. आता बोलून उपयोग नाही हे मला कळत होतं. तिला ऐकायचं नसेल तर आपण बोलायचं नाही, एवढं तरी आता पाळायला हवं होतं. मी थांबलो. ही टेबलाखालून माझा हात शोधत होती. मग खारूने बोटाने चष्मा वर ढकलला.

मी म्हणालो, "पाठवू या असं आधी मीच म्हणालो होतो. आई नको म्हणत होती."

ती बघत राहिली.

"त्या दिवशी आई ठरलं म्हणाली ना, त्याच्या आधी मी बोललो होतो. तुला माझी पाठ दिसत होती. मी म्हणालो, मी कंटाळलोय. तू गेलीस तर आम्हाला श्वास घेता येईल, असंही म्हणालो."

इतकं स्पष्ट मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. तिला कळावं म्हणून प्रत्येक शब्द नीट उच्चारत होतो, आणि प्रत्येक शब्द तिच्यापर्यंत पोहोचलेला मला दिसत होता. मी म्हणालो, ते दमून बोललो, पण बोललो. तू जावंस असं मला वाटत नाही. तिचा चेहरा मात्र पहिल्याच वाक्यावर थांबला होता.

ती माझ्याकडून आईकडे वळली. "तू रडलीस?"

"हो."

"मला दिसलं नाही."

"मी बेसिनकडे तोंड केलं होतं. तुला दिसू नये म्हणून."

खारू उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि आईच्या मांडीवर बसली, लांबलचक पाय लोंबत. तिथून तिने मला विचारलं, "ते सगळे हातांनी बोलतात?"

"हो. फार वेगाने."

तिने जरा विचार केला. "मला बघायचंय. राहायला नाही जाणार. मला आता बाईंचं सगळं कळतं."

"नाही जायचं राहायला," आम्ही दोघं एकदम म्हणालो, आणि कोणाकडे बघावं ते तिला कळेना.

रात्री माझ्याकडे न बघता झोपायला गेली.

मंगळवार, ३० सप्टेंबर

शाळेला फोन करून कळवलं, जागा दुसऱ्या कोणाला द्या. तिकडच्या बाईंनी विचारलं, मुलीला घेऊन एखाद्या रविवारी भेटायला याल का? येऊ म्हणालो.

खारू माझ्याशी बोलते, विचारलं तर. जेवताना आईच्या बाजूला बसते. काल हिने वेणी घालून दिली, ती वाकडी झाली तरी मोडू दिली नाही. हे असंच व्हायला हवं होतं असं मी स्वतःला सांगतो, आणि मला अजिबात बरं वाटत नाही.

आज सकाळी डाव्या कानाचा सेल लवकर संपला. मी बूट घालत होतो. ती डबी घेऊन आली, माझ्यासमोरून गेली आणि हिच्यापुढे जाऊन उभी राहिली. "स्टिकर काढून लगेच नाही लावायचा, आई. हवा लागू द्यायची." ही सेल तळहातावर घेऊन अशी श्वास रोखून उभी राहिली, जणू तो उडून जाईल. दोघी वाट बघत होत्या.

मी दाराशी जाऊन नेहमीसारखा पाठमोराच "येतो गं" म्हणालो. मग लक्षात आलं आणि वळलो. खारू कडेवरून बघत होती. बस चुकणार होती. चुकू दे म्हटलं. उभा राहिलो.

तिने बोट नाकाशी नेलं आणि चष्मा वर ढकलला.

"येतो," मी म्हणालो.

"ये," ती म्हणाली.

मग मी तोंड तिच्याकडे ठेवूनच, उलट्या पावलांनी दाराबाहेर पडलो आणि जिन्यात शेजारच्या काकूंवर आदळलो.